ग्रेट एस्केप: मोटरसायकलची ती उडी आणि खरा बोगदा

रानवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

१९६३ चा 'द ग्रेट एस्केप', दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीतून बोगदा खणून पळणाऱ्या युद्धकैद्यांचा सिनेमा, पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नववीत होतो आणि त्यानंतर कितीतरी वर्षं डोक्यात एकच चित्र होतं, त्यातला नट स्टीव्ह मॅक्वीन मोटरसायकल पळवत येतो आणि तारेच्या कुंपणावरून उडी मारतो. मित्रांना छातीठोक सांगायचो की हे सगळं खरं घडलंय, कारण सिनेमाच्या सुरुवातीलाच पाटी येते की ही सत्यकथा आहे, पात्रं थोडी एकत्र केलीत पण पलायनाचा प्रत्येक तपशील जसा घडला तसाच आहे. गेले दोन महिने या विषयावर हाताला लागेल ते वाचतोय आणि आता मला ती पाटी खटकते. उडी नाही, पाटी.

कारण मोटरसायकल कोणीच पळवली नव्हती. ती कल्पना मॅक्वीनची, त्याला गाड्यांचं वेड होतं. प्रत्यक्ष उडी बड एकिन्स नावाच्या स्टंटमनने मारली, आणि गाडी ब्रिटिश ट्रायम्फ होती, तिला जर्मन दिसेल असा रंग दिला होता. बरं त्या रात्री बाहेर पडलेल्यांत अमेरिकन एकही नव्हता. अमेरिकन वैमानिकांनी आधी बोगद्यांवर काम केलं होतं, पण १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी त्यांना शेजारच्या वेगळ्या कंपाउंडमध्ये हलवलं.

आता जे खरं घडलं ते. जागा स्टालाग लुफ्ट ३, सागान गावाजवळ, आता ते गाव पोलंडमध्ये आहे आणि झागान म्हणतात. जर्मन वायुदलाने चालवलेली, पकडलेल्या वैमानिकांसाठीची छावणी. बोगदा खणता येऊ नये म्हणून विचार करून बांधलेली. बराकी जमिनीपासून उचललेल्या म्हणजे खाली वाकून बघता येतं, जमिनीत हादरे ऐकणारे मायक्रोफोन पुरलेले, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माती. वरचा थर काळपट आणि खाली पिवळीधमक वाळू. मूठभर पिवळी वाळू वर दिसली की पहारेकऱ्याला कळलंच.

रॉजर बुशेल, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, लंडनला वकिली केलेला वैमानिक, त्याने ठरवलं की तीन बोगदे एकदम काढायचे. टॉम, डिक, हॅरी. एक सापडला तरी दोन उरतील. टॉम सप्टेंबर १९४३ मध्ये सापडला. डिक पुढे सामान आणि वाळू ठेवायला वापरला. हॅरी १०४ नंबरच्या बराकीत शेगडीच्या खालून काढला, मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून आधी सरळ खाली ९ मीटर आणि मग आडवा शंभर मीटरच्या वर. रुंदी उंची जेमतेम दोन फूट. वाळू ढासळू नये म्हणून कैद्यांच्या पलंगाच्या फळ्या काढून आत लावल्या, जवळजवळ ४,००० फळ्या! म्हणजे शेकडो माणसं महिनोन्‌महिने दोन-चार फळ्यांवर अंग तोलून झोपत होती. रेडक्रॉसच्या पार्सलात दुधाच्या पावडरीचे डबे यायचे, ते एकाला एक जोडून हवेची नळी, आणि सामानाच्या कॅनव्हास पिशव्यांचा भाता करून हवा आत ढकलायची, आपल्या लोहाराच्या भात्यासारखी. आधी चरबीचे दिवे, त्यात पायजम्याच्या नाडीची वात, नंतर जर्मनांचीच चोरलेली वायर ओढून बल्ब.

आणि वाळू! पायजम्यात लांब पिशव्या लटकवायच्या, खिशातून दोरी ओढली की खालची पिन सुटते आणि चालता चालता वाळू सांडत जाते, पायाने मातीत मिसळायची. सिनेमात हे दाखवलंय आणि फार सुंदर दाखवलंय, माझ्या मते तोच सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग. बर्फ पडल्यावर तेही बंद झालं, कारण बर्फावर वाळू काय लपणार, मग छावणीतल्या नाटकाच्या थिएटरात खुर्च्यांखालच्या पोकळीत भरली.

२४ मार्च १९४४ ची रात्र. २०० जणांचा बेत. बाहेरचं तोंड गोठलेलं म्हणून उघडायलाच तासाच्या वर गेला, आणि उघडल्यावर कळलं की बोगदा झाडीपर्यंत पोचलेलाच नाही, मधे उघडी जमीन, आणि जवळच पहाऱ्याचा मनोरा. मग दोरी लावली, झाडीतून खूण झाली की एकेकाने निघायचं. मधेच हवाई हल्ल्यामुळे दिवे गेले, एकदा वाळू ढासळली. पहाटे पाचच्या सुमाराला पहारेकऱ्याला दिसलं. तोपर्यंत ७६ बाहेर पडले होते. ७३ पकडले गेले. त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकुमावरून गोळ्या घातल्या. बुशेल त्यातलाच.

तिघं सुटले. पेर बर्ग्सलँड आणि येन्स म्युलर हे दोघं नॉर्वेचे, रेल्वेने श्टेटिन बंदर आणि तिथून जहाजाने स्वीडन. तिसरा ब्राम व्हान डेर श्टोक, हॉलंडचा, तो हॉलंड बेल्जियम फ्रान्स करत स्पेनमधून निसटला. सिनेमात सुटणारे तिघं कोण? दोन बोटीवाले ब्रिटिश फौजेतले आणि एक ऑस्ट्रेलियन. ज्यांचा देशच जर्मनांनी गिळला होता, ज्यांना घरी परतायला घरच मोकळं नव्हतं, ते तिघं पडद्यावरून गेले. मला हे उडीपेक्षा जास्त लागलं.

तुम्हाला काय वाटतं? सत्यकथा म्हणून पाटी लावली की किती सूट घ्यावी?

अबोली_ठाणे

रानवारा, छान लिहिलंय, पण मी सिनेमाच्या बाजूने भांडणार आहे.

उडी खोटी, मान्य. पण ती उडी नसती तर तुम्ही नववीत असताना हा सिनेमा शेवटपर्यंत बघितला असता का, आणि आज या ५० जणांबद्दल मराठीत कोणी वाचलं असतं का? सिनेमाचा शेवट आठवा. उडी मारणारा सुटत नाही हो, तारेत अडकतो, परत कोठडीत जातो. आणि त्याच्या आधी ट्रक थांबतो, पाय मोकळे करा म्हणतात, आणि मग मशिनगन. आणि सगळ्यात शेवटी 'त्या पन्नास जणांना' अशी अर्पणपत्रिका. करमणुकीच्या सिनेमात १९६३ साली एवढ्या नायकांना मारून टाकणं याला धाडस लागतं. आणि ती एल्मर बर्नस्टाइनची शिट्टीवर वाजवावीशी वाटणारी धून इतकी आनंदी आहे की शेवट अजून जास्त टोचतो.

शिवाय बोगदा खणणारा कॅनडाचा वॉली फ्लडी, खरा कैदी, सिनेमाचा सल्लागार होता. बनावट कागद करणाऱ्याची भूमिका करणारा डोनाल्ड प्लेझन्स स्वतः वायुदलात होता आणि जर्मनांच्या कैदेत राहिलेला. म्हणजे सेटवर माहीत असलेली माणसं होती.

रानवारा

अबोलीताई, मशिनगनच्या प्रसंगाबद्दलच बोलायचं होतं. तोही तसा नाही घडला. पन्नासजण एका मैदानात एकदम मारलेले नाहीत. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना वेगवेगळ्या तुरुंगांतून एक-एक, दोन-दोन, काही वेळा थोडे जास्त असे गाडीत घातलं, छावणीत परत नेतो म्हणून सांगितलं, रस्त्याच्या कडेला लघवीला थांबवलं आणि पाठीमागून गोळ्या. कागदोपत्री कारण, पुन्हा पळत होते. नंतर दहन करून रक्षेचे कलश छावणीत पाठवले. जिनिव्हा करारात पळालेल्या कैद्याला जास्तीत जास्त ३० दिवसांची कोठडी अशी शिक्षा होती, त्यामुळे हे खूनच होते आणि करणाऱ्यांना ते माहीत होतं, म्हणून तर खोटं कारण लिहिलं.

मैदानातला प्रसंग बघताना युद्धातला संताप वाटतो. खरा प्रकार कारकुनी होता, यादी करून, सहीशिक्क्याने. तो दाखवला असता तर जास्त भीती वाटली असती.

युद्धानंतर ब्रिटिश वायुदलाच्या पोलिसांनी एकेक गेस्टापोवाला शोधला, १९४७ ला हँबुर्गमध्ये खटला चालला आणि १३ जणांना फाशी झाली. यावर एक वेगळा सिनेमा व्हायला हवा खरंतर.

निळी_वर्दी

मी वायुदलातून निवृत्त. इतका वेळ वाचत होतो, पण आता राहवत नाही. सागानचं सगळं बरोबर आहे, पण आपल्या माणसाचं नाव अजून कोणी घेतलं नाही. दिलीप पारुलकर.

फ्लाइट लेफ्टनंट पारुलकर, सुखोई-७ चे वैमानिक. १९६५ च्या लढाईत खांद्याला जखम झालेली असताना विमान परत आणलं म्हणून वायुसेना पदक. १० डिसेंबर १९७१ ला विमान पडलं आणि ते पाकिस्तानात कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत आपले एकूण बारा वैमानिक होते. युद्ध संपलं, महिने गेले, सुटकेचं नाव नाही. पारुलकरांनी ठरवलं होतं की पकडले गेलो तर पळायचं, आणि त्यांच्याबरोबर ग्रेवाल आणि हरीश सिंहजी तयार झाले.

बोगदा वगैरे नाही. कोठडीच्या भिंतीतल्या विटा मोकळ्या करत एक माणूस सरपटून जाईल एवढं भोक पाडलं. पाडलेला चुना-विटांचा चुरा खोलीतच लपवायचा. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. रानवारा, सागानमध्येसुद्धा होकायंत्र असंच घरगुती होतं ना?

तारीख बघा, १२-१३ ऑगस्ट १९७२ ची रात्र, म्हणजे १४ ऑगस्टच्या त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, सगळे सुट्टीच्या मनःस्थितीत. त्या रात्री वादळ आणि पाऊस आला. भिंतीबाहेर पडून हे तिघे रस्त्यावर आले तर सिनेमाचा रात्रीचा खेळ सुटला होता, त्या गर्दीत मिसळून गेले. रात्रीची बस धरून पेशावर. तिथून जमरूद, मग खैबर खिंडीतून लंडी कोतल. अफगाण सरहद्द उरली ४-५ मैल.

आणि तिथे काय झालं? त्यांच्याजवळच्या नकाशावर पुढे लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं. त्यांनी तिथे जायची वाट विचारली. ती रेल्वे १९३२ सालीच बंद झालेली होती. चाळीस वर्षं! तिथल्या माणसाला लंडी खाना स्टेशन विचारणारा म्हणजे नक्कीच परका. त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते, म्हणून तहसीलदाराच्या कारकुनाला वाटलं की हे बंगालीच. पकडलं.

टोळीवाल्यांच्या मुलखात हिंदुस्तानी वैमानिक म्हणून उघडे पडले असते तर जिवंत राहिले नसते. पारुलकरांनी प्रसंगावधान राखून पाकिस्तानी वायुदलाच्या प्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे मदतनीस अधिकाऱ्याला, फोन लावायला लावला. हे उस्मान हमीद, आधी याच छावणीचे मुख्य होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागलेले. त्यांनी तिकडून ओळख पटल्यासारखं केलं आणि जीव वाचला. शत्रूच्या अधिकाऱ्याने.

कोकणस्थ_नव्हे_कोकणी

निळी_वर्दी काका, अंगावर काटा आला. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं स्टेशन! हे माहीतच नव्हतं. यावर सिनेमा आहे का?

निळी_वर्दी

आहे. 'द ग्रेट इंडियन एस्केप', २०१९ चा. आमच्या ओळखीत चार माणसांनीही बघितलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. कैद्यांवरचे आपले गाजलेले सिनेमे वेगळेच. २००४ चा अमिताभचा 'दीवार', त्यात बोगदा, कुंपण, सगळं सागानच्या वळणाचं. आणि २००७ चा '१९७१', मनोज वाजपेयीचा, तो जास्त प्रामाणिक, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण ही दोन्ही रचलेली कथानकं. खरी घडलेली, नावा-तारखेसकट उपलब्ध असलेली गोष्ट मागे पडली.

मला वाटतं आपल्याला शत्रूची बाजू पूर्ण काळी लागते. उस्मान हमीदचं काय करायचं हे आपल्या पटकथेला कळत नाही.

अबोली_ठाणे

काका, शेवटचं वाक्य पटलं. पण मग सागानमध्येही तसं होतंच की. छावणीचा जर्मन प्रमुख फॉन लिंडायनर, त्याला या पलायनाबद्दल जर्मनांनीच कोर्टमार्शल केलं. त्याच्यानंतरच्या प्रमुखाने कैद्यांना मारल्या गेलेल्या पन्नास जणांचं स्मारक बांधू दिलं. १९६३ च्या सिनेमात छावणीचा प्रमुख माणूस म्हणून दिसतो, खलनायक म्हणून नाही, हे मला त्या सिनेमाचं मोठेपण वाटतं. युद्ध संपून अठराच वर्षं झाली होती.

नगरी_बाणा

आमच्या नगरचा धागा कोणीच कसा जोडला नाही! हाइनरिश हारर, ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक, १९३९ ला नंगा पर्बतच्या मोहिमेवरून परतताना युद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी त्याला कराचीत पकडला. पहिली छावणी अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. पुढे देवळाली, आणि मग देहरादून. लहानपणापासून नगर म्हटलं की किल्ला आणि त्यात ४२ ते ४५ ठेवलेले नेहरू, पटेल, आझाद हेच ऐकलं. इंग्रजांनी नगरला जर्मन-ऑस्ट्रियनही ठेवले होते हे मला पन्नाशीत कळलं.

देहरादूनहून हारर आणि मंडळी निघाली ती २९ एप्रिल १९४४ ला, म्हणजे सागाननंतर बरोबर पाच आठवड्यांनी. बोगदा नाही, काही नाही. दोघांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचे गणवेश घातले, बाकीच्यांनी चेहरे रंगवून हिंदी मजुरांचा वेष केला, तारेचं भेंडोळं आणि शिडी खांद्यावर घेतली, आणि कुंपण दुरुस्तीला निघाल्यासारखे भरदिवसा दारातून चालत बाहेर! एकूण सात. त्यातले ते दोन 'अधिकारी', मागेनर आणि हावे, ते तर उलट्या दिशेला ब्रह्मदेशात जपान्यांपर्यंत पोचले. हारर आणि त्याचा सोबती आउफश्नायटर तिबेट, जानेवारी १९४६ ला ल्हासा.

१९९७ चा ब्रॅड पिटचा सिनेमा यावरच आहे. हे दाराचं दृश्य त्यात आहे. पण हिमालय म्हणून बराचसा अर्जेंटिनाचा अँडीज दाखवलाय. आणि सिनेमा यायच्या सुमाराला बाहेर आलं की हारर हिटलरच्या एसएस या नाझी दलाचा सभासद होता. मग मला प्रश्न पडला की मी ज्याच्या पळण्यावर टाळ्या वाजवतोय तो कोणाचा? सागानमध्ये पळणारे आपले वाटतात, इथे पळणारा सिनेमाने आपला करून दिला.

सिडनीकर

नगरी_बाणा, तोच प्रश्न इकडे ऑस्ट्रेलियात कावरा गावात पडतो. ५ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या छावणीतले हजाराच्या वर जपानी कैदी कुंपणावर धावून गेले, हातात चाकू, बेसबॉलच्या बॅटी, अंगावर घोंगड्या, तारेवर टाकायला. साडेतीनशेच्या वर बाहेर पडले. २३१ जपानी मेले आणि ४ ऑस्ट्रेलियन. त्यांना घरी जायचंच नव्हतं. कैद होणं हीच त्यांच्या सैन्यात एवढी लाज होती की अनेकांनी नावं खोटी दिली होती, घरच्यांना आपण मेलो असंच वाटू दे म्हणून. त्यामुळे बनावट कागद नाहीत, नकाशा नाही, रेल्वेचं वेळापत्रक नाही. मी दोनदा गेलोय. जपानी कैद्यांची दफनभूमी गावाने आजही जपली आहे. यावर इकडे एक टीव्ही मालिका झाली, पण शिट्टी वाजवत बघण्यासारखा सिनेमा यातून होणारच नाही.

फौजी_घर

माझे मिस्टर आर्मीत होते. मी फार वाचलेलं नाही, एक विचारायचंय. सागानमध्ये ५० माणसं गेली, सुटली ३. बुशेलने हे करायला नको होतं असं कोणाला वाटत नाही का? त्या ५० जणांच्या घरी तार गेली असेल. युद्ध वर्षभरात संपलंच की.

रानवारा

ताई, हा प्रश्न तिथल्या कैद्यांनाही पडला होता. बाजूने म्हणायचं तर पळणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य समजत आणि शत्रूची माणसं शोधाशोधीत गुंतवायची हा हेतू होता, आणि तसं झालंही. शिवाय मार्च ४४ मध्ये अजून फ्रान्समध्ये नॉर्मंडीला दोस्तांचं सैन्यही उतरलेलं नव्हतं, युद्ध कधी संपेल कोणाला ठाऊक. पण हे सगळं लिहूनही मला उत्तर देता येत नाही. मला एवढंच दिसतं की बोगद्याच्या कामात सहाशेच्या आसपास माणसं होती आणि त्यातल्या बहुतेकांना पळायला मिळणार नाही हे माहीत होतं. पहिल्या फळीतली माणसं निवडलेली, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीत नाव आलं नाही तरी त्यांनी फळ्या दिल्या, वाळू वाहिली, खिडकीशी बसून पहारेकऱ्यांच्या वेळा लिहिल्या. ती माणसं कुठल्याच सिनेमात नायक होत नाहीत.

काका, होकायंत्राचं विचारलंत. हो, ग्रामोफोनच्या तबकड्या वितळवून डबी, आत ब्लेडच्या तुकड्याची चुंबकी सुई. आणि खाली चक्क ठसा, 'मेड इन स्टालाग लुफ्ट ३'.

पारुलकर परत कधी आले?

निळी_वर्दी

पकडल्यावर पुढे लायलपूरच्या तुरुंगात नेलं. १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघा सीमेवरून चालत आले. पुढे वायुदलात ग्रुप कॅप्टनपर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये पारुलकर वारले, पुण्याकडेच असायचे. पेपरात बातमी आली तेव्हा मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, नातीला लंडी खाना नकाशावर शोधून दिलं.

बर्लिनची_पुणेकर

उशिरा वाचतेय, पण मी झागानला जाऊन आलेय म्हणून लिहिते. रेल्वेने गेलो होतो. छावणी अशी काही उरलेली नाही, सगळीकडे पाइनची झाडं वाढलीत, मधेमधे बराकींचे पाये. हॅरी बोगद्याची रेघ जमिनीवर आखून ठेवली आहे, बराक १०४ पासून तोंडापर्यंत. मी त्यावरून चालले. दीडेक मिनिट लागलं. शेवटी दगड आहे, बोगदा बाहेर निघाला ती जागा. आता तिथे आजूबाजूला झाडं आहेत, त्यामुळे तेव्हा झाडी किती लांब राहिली होती ते डोळ्यांना कळत नाही, सोबतच्या माणसाने हात करून दाखवावं लागलं. अंतर फार नव्हतं हो. आपल्या अंगणातून समोरच्या घरी जावं एवढंच.

मी बुटाच्या टोकाने वरची माती थोडी उकरली. खाली पिवळीच आहे.